गच्चीवरचे पोहणे आणि विहिरीतले पोहणे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास दवाखान्याचे शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक मोटारसायकल दारात येऊन थांबली. मध्ये चौदा वर्षांचा मुलगा, अंगाभोवती गोधडी गुंडाळलेली, आणि मागे त्याला घट्ट धरून बसलेला त्याचा मामा. मुलगा सारखा खोकत होता. श्वास मिनिटाला चौतीस, ओठांवर किंचित निळसर झाक, छातीला नळी लावली तर दोन्ही बाजूंना खालपर्यंत खरखर. संध्याकाळी शेततळ्यात नाकातोंडात पाणी गेले, असे मामाने सांगितले.

"पाय घसरून पडला का?" मी विचारले.

"पडला न्हाई साहेब, उडी मारली यानं. म्हणला, मला पवायला येतंय."

आपल्याला पोहता येते असे त्याला वाटत होते, त्याच्या वडिलांनाही वाटत होते, आणि खरे सांगायचे तर तसे वाटण्यात माझाही हात होता.

झाले होते असे. दसऱ्याच्या आधी त्याचे वडील रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आले होते. पोराला पोहण्याच्या स्पर्धेत उतरवायची त्यांची फार हौस. गावात तलाव नाही, शेतातली विहीर उन्हाळ्यात कोरडी आणि पावसाळ्यात गढूळ. त्यांनी मोबाईलवर बघून रबरी पट्ट्या मागवल्या, हाताच्या पंजात अडकवायच्या प्लास्टिकच्या थाळ्या मागवल्या आणि सुताराकडून एक लांब बाक करून घेतला. बाक गच्चीवर, पट्ट्या कठड्याला बांधलेल्या. मुलगा रोज सकाळी बाकावर पालथा पडून अर्धा तास हात ओढायचा. दोन महिन्यांत त्याचे खांदे भरले. वडिलांनी मला फोटो दाखवला आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, आता पाण्यात सोडायला हरकत नाही ना?" बाहेर पंधरा पेशंट बसले होते. मी फोटोकडे पाहिले न पाहिले आणि म्हणालो, "उत्तम व्यायाम आहे. काही हरकत नाही."

हरकत होती. मुलगा सुदैवाने वाचला. शेततळ्यावर पंपाचा पाईप आवरणाऱ्या गड्याने तोच पाईप त्याच्याकडे फेकला, म्हणून वाचला. दोन दिवस जिल्हा रुग्णालयात प्राणवायूवर राहून घरी आला. पण माझे ते एक वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचत होते. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला आहे. आता पाऊस लागला आहे, शेततळी आणि विहिरी भरतील, पोरे पाण्याकडे धावतील. कोरड्या जमिनीवर यंत्र, बाक, पट्ट्या यांच्या साह्याने केलेले पोहणे खऱ्या पोहण्याच्या किती जवळ जाते, हे नीट समजून घेतलेले बरे.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या लष्करांत सैनिकांना स्टुलावर पालथे पाडून, आकडे मोजत, हातापायांची कवायत करून घेत आणि मगच पाण्यात उतरवत. पुढे यंत्रे आली. सरकत्या पाटीवर पालथे पडायचे आणि दोन दोऱ्या ओढत स्वतःला पुढे न्यायचे, असे बाक आजही मोठ्या क्रीडा संकुलांत असतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी अशा खास व्यायामांचा मोठा पुरस्कार केला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. हे कौन्सिलमन गुरुजी स्वतः १९७९ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले. तेव्हा यंत्रवाल्यांना पाणी कळत नव्हते असे कोणी समजू नये.

या बाकांचा अभ्यासही भरपूर झाला आहे आणि त्यातला एक भाग बाकाच्या बाजूने आहे. इंडियानातल्याच बॉल स्टेट विद्यापीठात डेव्हिड कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले, की बाकावर जो जास्त जोराने ओढतो तो २५ यार्डांच्या छोट्या अंतरात पाण्यातही बहुधा वेगवान असतो. संबंध फार घट्ट निघाला. यंत्र विकणाऱ्यांना याहून काय हवे!

पण त्याच प्रयोगशाळेतून पुढे आलेले दोन निष्कर्ष जाहिरातीत कोणी छापत नाही. १९८७ साली त्यांनी मुरलेल्या जलतरणपटूंचा सराव चार आठवडे बंद केला किंवा अगदी कमी केला. महिन्यानंतर बाकावर ताकद मोजली तर ती जशीच्या तशी. पाण्यात मोजली तर सरासरी सुमारे साडेतेरा टक्क्यांनी घटलेली. म्हणजे दंडात जोर होता तेवढाच होता, पण तो पाण्याला लावायची हातोटी महिनाभरात निसटू लागली होती. दुसरा अभ्यास १९९३ चा. २४ जलतरणपटूंपैकी निम्म्यांना पोहण्याबरोबर वजने उचलायला लावली, निम्म्यांनी फक्त पोहण्याचा सराव केला. वजने उचलणाऱ्यांची ताकद २५ ते ३५ टक्क्यांनी वाढली. पोहण्याचा वेग? दोन्ही गटांत फरक नाही.

बेल्जियममधल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात आणखी खोलात जाऊन पाहिले. स्नायूंवर विद्युत्वाहक चकत्या चिकटवून पोहताना कोणता स्नायू केव्हा आखडतो आणि जमिनीवरच्या यंत्रावर केव्हा आखडतो, याचे आलेख त्यांनी काढले. आलेख जुळले नाहीत. वरून हालचाल तीच दिसते, आत काम करणारी माणसे वेगळी, असा हा प्रकार.

असे का होते? याचे उत्तर विहिरीच्या काठावर बसलेल्या कोणाही जुन्या माणसाला ठाऊक असते, फक्त तो ते शास्त्राच्या भाषेत सांगत नाही.

मी पोहायला शिकलो ते नवव्या-दहाव्या वर्षी, आजोळच्या विहिरीत. शिकवणारे आईचे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड झाळून हवाबंद केलेला, पाठीवर बांधलेला. कमरेला दोर, दोराचे टोक आबांच्या हातात. पहिले तीन दिवस त्यांनी हातपाय मारूच दिले नाहीत. नुसते तरंगायचे, तोंड पाण्यात घालायचे, बुडबुडे सोडायचे. आम्हाला ते अगदी कंटाळवाणे वाटे, कारण बरोबरीची पोरे वरून मुटके मारत होती. चौथ्या दिवशी हात, मग पाय. आठवड्याने पंधरा किलोचा डबा जाऊन पाच किलोचा आला. नंतर एके दिवशी डबा सुटला आणि नुसता दोर राहिला. दोर कधी सुटला ते मला कळलेच नाही. मागे वळून पाहिले तर आबा काठावर बसून तंबाखू मळत होते. काही गावांत डब्याऐवजी वाळलेला भोपळा असे, काही ठिकाणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे बांधत आणि एकेक तुकडा कमी करत नेत.

डबाही एक साधनच. पण तो पाण्यात असतो. तुमचे थोडे वजन तो घेतो आणि उरलेले तुमच्यावर सोडतो, आणि रोज थोडे जास्त सोडत जातो. गच्चीवरचा बाक मात्र सगळेच वजन घेतो. बाकावर पडलेल्या मुलाला तरंगायची गरजच नाही, आणि पोहण्याचा निम्मा प्रश्न तर तिथेच आहे.

माणसाचे शरीर पाण्याहून जड की हलके? दोन्ही, श्वासावर अवलंबून. छाती भरून घेतली की बहुतेक माणसे कशीबशी तरंगतात, डोक्याचा थोडासा भाग वर राहतो. श्वास सोडला की बरेच जण हळूहळू खाली जातात. चरबी हलकी, हाड आणि स्नायू जड. म्हणून अंगाने भरलेल्या बायका सहज तरंगतात आणि तालमीत घोटलेला पहिलवान दगडासारखा खाली जातो. आमच्या या मुलाने दोन महिने स्नायूच कमावले होते! शिवाय तरंगवणारी हवा असते छातीत आणि वजन एकवटलेले असते कमरेपाशी. त्यामुळे छाती वर राहते, पाय खाली ओढले जातात. घाबरलेला माणूस श्वासासाठी डोके वर काढतो, आणि डोके जितके वर, पाय तितके खाली. शेवटी तो पाण्यात उभा होतो आणि जागच्या जागी हात आपटत राहतो. मुलाने मला नंतर सांगितले, "डॉक्टरकाका, पाय खाली गेले ना, मग हात कसे मारायचे तेच आठवेना." आठवणार कसे? उभ्याने हात मारायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन हे विजेच्या प्रयोगांमुळे आपल्याला ठाऊक आहेत. ते पट्टीचे पोहणारे होते. पाण्याला भिणाऱ्या एका मित्राला त्यांनी पत्रातून मोठी नामी युक्ती सांगितली होती. छातीइतक्या पाण्यात जा, काठाकडे तोंड करून उभा राहा, तुझ्या आणि काठाच्या मध्ये एक अंडे पाण्यात टाक आणि डोळे उघडे ठेवून ते उचलायला खाली जा. खाली जाणे किती अवघड आहे आणि पाणी कसे वर ढकलते, हे तुझे तुलाच कळेल. आबांनी फ्रँकलिन वाचला नव्हता. आमच्या विहिरीत ते पितळी वाटी टाकत.

आता हाताविषयी. बाकावर पट्टी ओढताना शरीर जागेवर राहते, हात मागे येतो. पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचा पंजा पाण्याला जणू खुंटीसारखा धरतो आणि शरीर त्याच्यावरून पुढे सरकते. रबर जितके ताणावे तितके जड होते, म्हणजे सगळ्यात जास्त जोर शेवटी, हात मांडीपाशी आल्यावर लागतो. पाण्याचा विरोध वेगावर अवलंबून असतो. हात दुप्पट वेगाने मारला तर विरोध सुमारे चौपट. शिवाय रबर निसटत नाही. पाणी निसटते. बोटांचा कोन जरा चुकला की पंजा सुरीसारखा पाणी कापत जातो आणि माणूस तिथेच. ही जी पाण्याची पकड, ती तळहाताच्या कातडीला शिकावी लागते, आणि कातडी हे शिक्षण पाण्याखेरीज कुठेच घेत नाही. फ्रीस्टाइल पोहताना शरीर दर हाताबरोबर कुशीवर वळते, त्यातून खांद्याला मोकळीक मिळते. बाकावर छाती फळीला चिकटलेली, वळायला जागा नाही. त्यामुळे सगळा भार खांद्याच्या सांध्यावर. पोहून न दुखणारा खांदा बाक वापरून दुखू लागला, असे पेशंट मी पाहिले आहेत.

आणि श्वास. जमिनीवर आपण हवा तेव्हा श्वास घेतो, त्याचा विचारही करत नाही. पाण्यात तोंड वर येईल त्या क्षणभरात घ्यायचा आणि तोंड खाली असताना सावकाश सोडायचा. पाणी छातीला चहूबाजूंनी दाबत असते, त्यामुळे श्वास घ्यायला अधिक कष्ट पडतात. सकाळच्या विहिरीचे पाणी गार असेल तर अंगाला लागताच आपोआप एक मोठा आ वासला जातो. तो आपल्या हातात नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पहिलाच घोट फुफ्फुसात. आमच्या मुलाचे बहुधा हेच झाले.

धावण्याचा दम पोहायला उपयोगी पडेल, असेही पुष्कळांना वाटते. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपल्या सर्वांचा अभिमान. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याच्या शर्यतीत पाण्याचा खड्डाही असतो आणि तो सात वेळा ओलांडावा लागतो. पण त्या पाण्यातून पाय बाहेर काढून पुढे पळायचे असते. धावण्याने हृदय आणि फुफ्फुसे तयार होतात हे खरे, मात्र तो दम खर्च कसा करायचा हे प्रत्येक खेळ आपल्या जागेवरच शिकवतो. धावायला मांडव्याचा कच्चा रस्ता पुरला. पोहायला पाणीच लागते.

हे मोठ्या खेळाडूंनाही चुकत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि देशातले सगळे जलतरण तलाव बंद पडले. धावपटूंना, कुस्तीगिरांना घरी काहीतरी करता येत होते. जलतरणपटू घरात रबरी पट्ट्या ओढत बसले. कोल्हापूरचा वीरधवल खाडे, ज्याने सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिक गाठले आणि २०१० साली ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य आणले, त्याने त्या जूनमध्ये जाहीरपणे लिहिले, की आता निवृत्तीचा विचार करावा लागेल असे दिसते. एवढा तयार खेळाडू! व्यायामाची साधने त्याला काही कमी नव्हती. पण पाणी नव्हते. खेळाडूंच्या सरावासाठी तलाव उघडायला केंद्र सरकारची परवानगी आली ती ऑक्टोबरच्या मध्यावर.

टाळेबंदी साऱ्या देशाला एकदाच आली. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना ती दर तीन-चार वर्षांनी येते. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा, २०१५-१६ चा आठवा. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी ज्यांची पोहायला शिकायची वये होती, ती पोरे मे महिन्यात टँकरच्या रांगेत हंडे धरून उभी होती. त्यात विहिरी जाऊन बोअर आले. बोअरमध्ये कोणी पोहत नाही. अशी एक पोहता न येणारी पिढी तयार झाली, आणि नेमकी याच काळात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना येऊन शिवारा-शिवारात शेततळी उभी राहिली. शेतीसाठी चांगलीच गोष्ट, त्याबद्दल वाद नाही. पण शेततळे म्हणजे विहीर नव्हे. विहिरीला कपार असते, पायऱ्या असतात, मोटेच्या थारोळ्याचे दगड असतात, धरायला काहीतरी हाताला लागते. प्लास्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्याला चारही बाजूंनी उतार, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही तिथून वर येताना घसरतो. ज्यांच्या शेतात असे तळे आहे त्यांनी सभोवार कुंपण करावे आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर काठापासून पाण्यात सोडून ठेवावा. दोराचा खर्च फवारणीच्या एका औषधाच्या बाटलीएवढाही नाही.

मग कोरड्यावरचा व्यायाम टाकाऊच का? नाही, फक्त त्याच्याकडून काय मागायचे ते ठरवले पाहिजे. ज्याला पोहता येते त्याला पाणी नसलेल्या महिन्यांत अंग राखायला तो चांगला. विशेषतः खांद्याच्या मागच्या बाजूचे बारीक स्नायू, जे सांधा जागेवर धरून ठेवतात, ते हलक्या रबरी पट्टीने उत्तम तयार होतात. कोपर कमरेला टेकवून, हात काटकोनात ठेवून पंजा बाहेरच्या बाजूला नेणे, दहा-पंधरा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. पट्टी हलकीच हवी. दात-ओठ खाऊन ओढण्याचा हा व्यायाम नाही.

आणि ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी कोरड्यावरचे एकच साधन मला खरोखर कामाचे वाटते, ते म्हणजे बादली. आंघोळीच्या वेळी बादलीभर स्वच्छ पाणी घ्यायचे, हसत-खेळत तोंड आत घालायचे, डोळे उघडायचे, नाका-तोंडाने सावकाश बुडबुडे सोडायचे, तोंड वर काढून एकच मोठा श्वास, पुन्हा आत. पंधरा दिवसांत पाण्याची अर्धी भीती जाते. मोठे माणूस जवळ हवे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र भरलेल्या बादलीजवळ एकटे कधीच सोडू नका, ती तेवढ्या पाण्यातही बुडतात.

यानंतर थेट पाणी, छातीइतके, आणि शिकवणारा माणूस हाताच्या अंतरावर. बांगलादेशात गावोगावच्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून, त्याच्या आधाराने चार वर्षांपुढच्या मुलांना पोहायला शिकवण्याचा मोठा उपक्रम झाला आणि शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण फारच खाली आले. तलाव नको, यंत्र नको, बांबू आणि माणूस. आपल्याकडे डबा आणि आबा होते. मुलींनाही शिकवा. विहिरीवर, नदीवर पाण्याच्या कामाला जास्त त्याच जातात आणि पोहायला कमी त्याच शिकतात, हे मला कधी समजलेले नाही.

काही पेशंटांनी पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांतले आणि पोटातले सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे ढकलले जाते. धडधाकट हृदय ते सहज पेलते, थकलेले हृदय पेलेलच असे नाही. फिट येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात कधीही जाऊ नये, गोळ्या चालू असल्या तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, त्यात आवाज कुठून काढणार? काठावरच्यांना तो खेळतोय असे वाटते. अशा वेळी स्वतः उडी मारू नका, तो मिठी मारतो आणि दोघे जातात. दोर, पाईप, लुगडे, बांबू, रिकामी घट्ट बुचाची कॅन, जे मिळेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे हे सगळे बंद करा. पोटातले पाणी काढण्यात गेलेला वेळ मेंदूच्या मुळावर येतो. श्वास नसेल तर उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी श्वास द्या. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध जोराने ३० दाब, मग दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. आणि वाचलेला माणूस उठून बसला, चहा प्याला, तरी खोकला किंवा धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. फुफ्फुसाला सूज काही तासांनी चढू शकते. आमचा मुलगा संध्याकाळी पाच वाजता "काही झालं नाही" म्हणत होता, साडेआठला त्याचे ओठ निळे होते.

गेल्या मे महिन्यात तो पुन्हा मामाकडे गेला. यंदा विहिरीला बऱ्यापैकी पाणी होते. पत्र्याचा डबा आता मिळत नाही, म्हणून मामाने प्लास्टिकचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन बांधले, दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि पहिले तीन दिवस नुसते तरंगायला लावले. मीच तसे सांगितले होते. तेराव्या दिवशी कॅन सुटले. वडील सांगायला आले तेव्हा पिशवीत रबरी पट्ट्या घेऊन आले होते, "गच्चीवर नुसत्या उन्हात वाळतायत, तुम्हाला काही उपयोग असला तर बघा." मी त्या दवाखान्याच्या खिडकीच्या गजाला बांधून टाकल्या आहेत. साखरेच्या आजारात खांदा आखडलेले चार-पाच पेशंट रोज नंबर लागेपर्यंत त्या ओढत उभे असतात.